कॉम्प्रेसर उपाशी, पॉलिसी तुपाशी

प्रश्न: सातारा जिल्ह्यात माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. वय 43, घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. कॉम्प्रेसर 19 वर्षांचा, 3 एचपी, थ्री-फेज, टू-स्टेज, 220 लिटरची टाकी. रिकामी टाकी 7 बारपर्यंत भरायला पूर्वी पाच-सहा मिनिटं लागायची, आता 11 लागतात. मोटर दिवसाला दोनऐवजी चार तास चालते. वीज युनिटला सरासरी 11 रुपये पडते. मिस्त्रीने 16,500 सांगितलेत: रिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट मजुरीसह 6,500, मोटर रिवाइंडिंग 4,500, टाकीला खालून पॅच 1,500, बेल्ट, ऑइल, फिल्टर 2,000, रंग 2,000. नवीन 58,000 ला आहे, फायनान्सवाला 18 टक्के फ्लॅटने दोन वर्षांचे हप्ते करून देतोय. जुन्याचे 9,000 येतील. पिग्मीत 41,000 आहेत, पण जानेवारीत पॉलिसीचा 60,000 चा चौथा हप्ता आहे म्हणून ते मोडायचे नाहीत. पॉलिसी 10 वर्षं भरायची, 20 वर्षांनी 12 लाख, विमा 6 लाखांचा. ‘एफडीच समजा’ असं विकणारा म्हणाला होता. दुरुस्ती करू की नवीन घेऊ?

उत्तर: दुरुस्ती करा, पण 16,500 ची नाही. फायनान्सवाल्याकडे जाऊ नका. आणि जानेवारीचा हप्ता भरू नका. तुम्ही विचारलंत पहिलं, खरं नुकसान तिसऱ्यात आहे.

आधी कॉम्प्रेसर. 220 लिटर गुणिले 7 बार म्हणजे 1,540 लिटर, साधारण 54 घनफूट हवा. ती 11 मिनिटांत भरते, म्हणजे मशीन 5 सीएफएम (मिनिटाला 5 घनफूट) हवा देतंय. धडधाकट टू-स्टेज हेड एचपीमागे 3 ते 4 सीएफएम देतो. तुमच्याकडे निम्मी हवा येते आणि वीज पूर्ण जाते. 3 एचपीची मोटर तासाला सुमारे 2.7 युनिट खाते. रोज दोन तास जादा, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 140 युनिट. महिन्याला दीड हजार रुपये नुसते हवेत.

सुटे भाग आणण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघून घ्या. मशीन चालू असताना सक्शन फिल्टरपाशी हात धरा. हवा उलटी हाताला लागली तर सक्शन व्हॉल्व्ह बसत नाही. क्रँककेसच्या ब्रीदरमधून धूर किंवा जोराची हवा येत असेल तर रिंग गेल्या. दोन सिलिंडरांमधल्या कूलरचा दाब नेहमीपेक्षा वर जात असेल किंवा तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह उडत असेल, तर दोष हाय-प्रेशर बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये. मशीन बंद झाल्यावर प्रेशर स्विचपाशी सूं सूं थांबतच नसेल तर एनआरव्ही (हवा मागे येऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह) गळतोय, टाकीतली हवा परत येतेय. बऱ्याचदा व्हॉल्व्ह प्लेटवर कार्बन साचलेला असतो, एवढंच. हेड उघडल्यावर सिलिंडरच्या आतून नख फिरवा. वरच्या बाजूला कडेला नख अडकलं तर नुसत्या नव्या रिंग फार दिवस टिकणार नाहीत. बोअरिंगचा (सिलिंडर आतून घासून सरळ करण्याचा) खर्च आधी विचारून घ्या.

रिवाइंडिंग कशासाठी? मोटर रोज चार तास चालतेय, जळालेली नाही. पूर्ण दाबावर क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेज मोजा. साडेचार ते पाच अँपिअर आणि तिन्ही जवळपास सारखे असतील तर मोटरला हात लावू नका. रंगाचे 2,000 पण राहू द्या, रंगाने टायर भरत नाही. बेल्ट दोन असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर नव्यावरच सगळा भार येतो. इंजिन ऑइल ओतत असाल तर थांबवा. त्यातलं डिटर्जंट पाणी ऑइलमध्येच धरून ठेवतं, कार्बनही वाढतो. व्हीजी 100 (हा ऑइलच्या घट्टपणाचा क्रमांक) चं कॉम्प्रेसर ऑइल घाला, दुरुस्तीनंतरचं पहिलं 50 तासांत बदला.

आता पॅच. हा 1,500 चा आकडा वाचून मी थांबलो. 19 वर्षं टाकीच्या तळाशी पाणी साचलंय. गंज आतून खातो, आणि खातो तो एका भोकापुरता नसतो. आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो. त्यावर वेल्डिंग म्हणजे नवा तुकडा कमजोर पत्र्यालाच जोडणं. पॅच नाही, हायड्रो टेस्ट करा. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, हातपंपाने चालू दाबाच्या दीडपट (10 बारवर चालवत असाल तर 15) दाब द्यायचा आणि अर्धा तास काटा बघायचा. हवेने ही चाचणी कुणी करतो म्हणाला तर त्याला दुकानाबाहेर काढा. पाणी फुटलं तर जमीन ओली होते, हवा फुटली तर माणूस जातो.

टाकी पास झाली तर रिंग-व्हॉल्व्ह-गॅस्केटचं किट 6,500, बेल्ट-ऑइल-फिल्टर 2,000, चाचणी, एनआरव्ही, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज मिळून 3,000 धरा. एकूण 11,500. महिन्याला दीड हजार वाचले तर आठ महिन्यांत वसूल.

टाकी नापास झाली तर दुरुस्तीचा विषय संपला, नवीन घ्या. तेव्हा जुन्याचे 9,000 विसरा. टाकीला गॅस कटरने भोक पाडूनच ती भंगारात द्या, नाहीतर ती रंगवून दुसऱ्याच कुणाच्या दुकानात उभी राहील.

नवीन घेतला तरी फायनान्सवर नको. ‘18 टक्के फ्लॅट’ म्हणजे 58,000 वर दोन वर्षांचं जवळपास 21,000 व्याज, हप्ता सुमारे 3,300. मुद्दल दर महिन्याला फिटतंय, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 58,000 वर. बँकेच्या पद्धतीने मोजलं तर दर 31 टक्क्यांच्या पुढे जातो.

आणि हे 31 टक्क्यांचं कर्ज कशासाठी? पॉलिसीचा हप्ता चुकू नये म्हणून. त्या पॉलिसीचा हिशेब करू. 60,000 प्रमाणे 10 वर्षांत 6 लाख भरायचे, 20 व्या वर्षाअखेर 12 लाख. हप्ते पुढेमागे भरलेले असल्याने पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पट होतो. पैसा दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की अंदाजे दर निघतो. 72 ला साडेपंधराने भागा: 4.6 टक्के. हीसुद्धा गुलाबी बाजू. तुम्ही पाठवलेल्या कागदावर दोन रकाने आहेत, कंपनीची गुंतवणूक किती कमावेल या अंदाजाचे: एक 8 टक्क्यांचा, एक 4 टक्क्यांचा. विकणाऱ्याने पेनाने गोल केलाय तो पहिल्या रकान्यातल्या 12 लाखांना. शेजारी 8 लाख छापलेत, त्यावर परतावा दोन टक्केही नाही. यातलं काहीही एफडीसारखं नाही. एफडी मोडली तर मुद्दल जात नाही. तीन हप्त्यांत भरलेल्या तुमच्या 1,80,000 चे, आज पॉलिसी मोडली (सरेंडर केली) तर, कंपनीच्याच पत्रानुसार 63,000 मिळतात.

‘एवढे भरलेत, आता कसं सोडू?’ हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. गेलेलं बाजूला ठेवा. आजचे 63,000 आणि पुढचे सात हप्ते मिळून 4,83,000 घातले, तर 17 वर्षांनी 12 लाख: जवळपास साडेसहा टक्के. 8 लाखच मिळाले तर साडेतीन. पीपीएफचा (बँकेत किंवा पोस्टात उघडता येणाऱ्या सरकारी बचत खात्याचा) दर 2020 च्या एप्रिलपासून 7.1 वर आहे. म्हणजे गुलाबी रकाना खरा ठरला तरी चालू ठेवणं तोट्याचंच.

विम्याचं काय? 6 लाख म्हणजे तुमच्यामागे घरखर्च दोन वर्षंही निघणार नाही. आरोग्य विम्याचं तर पत्रात नावच नाही.

क्रम चुकवू नका. आधी वयाच्या 60 वर्षांपर्यंतचा 50 लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. वर्षाला 12 ते 15 हजार धरा, तंबाखू असेल तर जास्त, आणि तो लपवायचा नाही. कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल. रिटर्न भरत नसाल तर आधी ते सुरू करा. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा. सरेंडरच्या आधी कंपनीकडून पेड-अप करण्याचा (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवण्याचा) आकडाही लेखी घ्या, क्वचित तो बरा निघतो. मग कुटुंबाचा 5 लाखांचा आरोग्य विमा, अंदाजे 25,000. तुमच्या 60,000 मधून दोन्ही विमे निघून 20 हजार उरतात, ते पीपीएफमध्ये.

जानेवारीचा हप्ता खात्यातून आपोआप जाणार असेल तर बँकेत जाऊन तो मॅन्डेट (कपातीची परवानगी) आधी रद्द करा. नुसतं एजंटला सांगून भागणार नाही, तो ऐकून घेईल आणि हप्ता कापला जाईल.

कॉम्प्रेसरचे 11,500 पिग्मीतून काढा, मुदतीआधी काढल्याची कपात पोटात घाला. ती पिग्मी पतसंस्थेची असेल तर एक लक्षात घ्या: बँकेतल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. सरेंडरचे 63,000 बँकेतच ठेवा. टाकी नापास झाली तर नव्या कॉम्प्रेसरचे रोख पैसे तेच. आणि रोज संध्याकाळी टाकीचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, जुनी असो की नवी.