पेंग्विनला बर्फ लागतो का?

प्रश्न : भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलांना पेंग्विन दाखवायला नेलं होतं. आत बर्फ कुठेच दिसला नाही. हे पेंग्विन उष्ण भागातले आहेत म्हणे. मग त्यांना एसीत कशाला ठेवतात? आणि अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांपेक्षा ते वेगळे कशात?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते हम्बोल्ट पेंग्विन. पहिले आठ २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले. मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथली जमीन वाळवंटी, पण लागूनच वाहणारा सागरी प्रवाह गार. पेंग्विनच्या अठराएक जातींपैकी बऱ्याच जाती आयुष्यात बर्फ पाहतही नाहीत. त्यांना हवं असतं ते गार पाणी, कारण खोलातलं गार पाणी वर येतं तिथे मासळी मुबलक असते. हम्बोल्टचं मुख्य खाणं अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा.

मुंबईत अडचण अशी की इथे उकाडा आणि दमटपणा एकदमच असतो. पेंग्विनला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि त्या बाष्पीभवनानं अंग निववतो. हवाच दमट असेल तर हा उपाय लंगडा पडतो. शिवाय ॲस्परजिलस नावाची बुरशी त्यांच्या फुप्फुसांत घर करते. पाळलेल्या पेंग्विनांचा हा फार वाईट आजार. म्हणून तिथे १६ ते १८ अंश तापमान आणि स्वच्छ हवा राखावी लागते. ही चैन नाही.

आता फरक. पहिला आकाराचा. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो, बशीतला लगेच निवतो. अंटार्क्टिकातला एम्परर पातेल्यासारखा : उंची सव्वा मीटरपर्यंत, वजन कधी ४० किलो. हम्बोल्ट चार-पाच किलोंचा. विषुववृत्तावरचा गॅलापागोस पेंग्विन दोन-अडीच किलोंचाच.

दुसरा फरक पुढच्या वेळी काचेजवळ उभं राहून बघा. हम्बोल्टच्या चोचीच्या बुडाशी गुलाबी, उघडी कातडी दिसते. उकडलं की तिथे रक्त जास्त धावतं, कातडी गडद होते आणि उष्णता बाहेर पडते. एम्पररचा चेहरा पिसांनी झाकलेला, चोच आणि पंख अंगाच्या मानानं लहान. उष्णता निसटायला जागाच कमी.

एखादा पेंग्विन विस्कटलेला, फाटक्या गोधडीसारखा दिसला तर घाबरू नका. वर्षातून एकदा तो सगळी पिसं एकदम टाकतो. नवी येईपर्यंत, दोन-तीन आठवडे, त्याचं अंग पाण्यात भिजतं. निसर्गात मोकळा राहणारा पेंग्विन तेवढे दिवस किनाऱ्यावर उपाशी राहतो.

प्रश्न : उन्हाच्या प्रदेशात पेंग्विन अंडी कशी सांभाळतात?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सावलीत. एम्परर घरटंच करत नाही. नर एकुलतं अंडं पायांवर घेऊन, वर पोटाची घडी पांघरून, दोन महिन्यांहून जास्त काळ उभा राहतो. उष्ण भागात काळजी उलटी : अंडं तापता कामा नये. गॅलापागोस पेंग्विन लाव्हाच्या कपारी शोधतो. हम्बोल्ट समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात, म्हणजे ग्वानोत, बीळ खणतो आणि बहुधा दोन अंडी घालतो.

घात इथेच झाला. एकोणिसाव्या शतकात खतासाठी पेरूच्या बेटांवरचा ग्वानो खरवडून नेला. खणायला थर उरला नाही, तेव्हा पक्षी उघड्यावर अंडी घालू लागले. त्यातच एल निनोच्या वर्षी पाऊस आला की घरटी वाहून जातात, समुद्र तापतो आणि मासळी दूर जाते.

दक्षिण आफ्रिकेतही ग्वानो असाच गेला. तिथला आफ्रिकन पेंग्विन २०२४ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्यासाठी फायबरग्लासची कृत्रिम बिळं ठेवून पाहिली, पण ती उन्हात आतून तापायची आणि आईबाप अंडी सोडून पाण्याकडे पळायचे. अंडी काही मिनिटं जरी उघडी राहिली तरी वर टपलेले समुद्रपक्षी ती उचलतात. म्हणून आता दुहेरी भिंतीची, हवा खेळती ठेवणारी सिरॅमिकची घरटी बसवली जात आहेत.