पळणाऱ्यांचे प्रश्न : तलावाच्या पाळीवरून

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी माझी बदली पुण्याहून गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला झाली. बँकेत नोकरी, वय 41. पुण्यात आठवड्यातून चार दिवस पळायचो. इथे चहूकडे तलाव, जंगल आणि रिकामे रस्ते पाहून हरखून गेलो आहे. सवयीप्रमाणे पहाटे साडेचारला निघतो, पण घरमालक रोज रागावतात, वाघ-अस्वलाचं नाव काढतात. महिन्याभरापासून डावा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो आहे. आठ-दहा किलोमीटरचा चांगला मार्ग सुचवाल का?

उत्तर : आधी घरमालकांचं ऐका. ते तुम्हाला भीती घालत नाहीत, तुमची काळजी करतात. साडेचार ही पुण्याची वेळ झाली. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 साली जाहीर झाला, पण प्रकल्पाची हद्द जनावरांना कोण सांगणार? रात्रभर ती नाल्यांनी, बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या काठांनी, धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून फिरतात आणि उजाडता उजाडता झाडीत परततात. नेमकं त्याच वेळी तुम्ही रस्त्यावर असता. दूधवाल्यांच्या सायकली आणि शेतावर निघालेली माणसं दिसू लागली की निघा. मे महिन्यात साडेपाच, जानेवारीत पावणेसात. ऑफिसला उशीर होणार असेल तर त्या दिवशी अंतर कमी करा, वेळ अलीकडे ओढू नका.

मोहाच्या दिवसांत तर फारच जपा. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात आणि ती वेचायला बायकांच्या आधी अस्वल पोचतं. मी या भागातच वाढले, इथल्याच शाळेत मुलांना शारीरिक शिक्षण शिकवलं, तरी एका मार्चमध्ये मीही चुकले. अंधूक उजेडात वळणावरच्या मोहाखाली मला काळं गाठोडं दिसलं. वाटलं, कुणी बाई वाकून फुलं वेचते आहे. वीस पावलांवर गेले तेव्हा ते गाठोडं मान वर करून माझ्याकडे बघू लागलं. मी थांबले. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे सरकत बाभळीपर्यंत आले आणि तिथे उभी राहिले. अस्वल फुं फुं करत खाली उतरून गेलं. पाय पळायला आतुर झाले होते, ते आवरणं हीच त्या दिवसाची सगळी कसरत. पाठ दाखवून पळणाऱ्याच्या मागे जनावर लागतं, हे पळणाऱ्या प्रत्येकाने मनात कोरून ठेवावं. मागून टोपली घेऊन आलेल्या आजी मला म्हणाल्या, "बाई, मोहाच्या दिवसांत रस्ता आधी आमाले चालू दे, मंग तू पळ." तेव्हापासून मार्च-एप्रिलमध्ये मी त्यांच्या मागूनच निघते.

आता मार्ग. तुम्ही तलावांच्या देशात राहायला आला आहात. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाच्या माणसांनी गोंड राजांच्या काळात तलाव बांधायला सुरुवात केली. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधल्याचं सांगतात, त्याचं पाणी सुमारे 11 चौरस किलोमीटरवर पसरतं. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत गेल्यावर गावोगावचे हे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे आपले मामा तलाव झाले. त्यांची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा बांध, मातीची, वर दोन्ही बाजूंना झाडं, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. गुडघ्यांना याहून चांगली जमीन मला ठाऊक नाही. तुमच्या गावाजवळची एखादी पाळ दिवसाउजेडी आधी चालून या. काही ठिकाणी बेशरमाच्या झुडपांनी वाट गिळली आहे, तिथे पायाखालचं दिसत नाही, ती सोडून द्या. मोकळी पाळ मिळाली की तिच्यावर पुढे-मागे चार-पाच फेऱ्या मारा. एकाच पाळीवर फेऱ्या मारणं कंटाळवाणं वाटेल असं तुम्ही म्हणाल. डिसेंबरात या आणि बघा. पाण्यावर तलवार बदकं उतरलेली असतात, कापलेल्या बांध्यांत लाखोरी डाळीच्या पिकाला निळी फुलं आलेली असतात, आणि दर फेरीला धुकं थोडं वर गेलेलं असतं.

पावसाळ्यात मात्र पाळीवर पळू नका. माती बुटाला धरते, घसरलात तर सरळ पाण्यात. शिवाय पाळ ओली असताना पायांनी तुडवली की ती खचते, आणि त्या पाळीवर खालच्या सगळ्या बांध्यांचं पाणी अवलंबून असतं. त्या दिवसांत इटियाडोह धरणाच्या कालव्याकडेचा रस्ता घ्या. रोवणी, म्हणजे भातलावणी चालू असते, माणसं सतत असतात, सोबत आपोआप मिळते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून आडवाट मात्र काढू नका. रोवणीनंतर धुरा ओला आणि कच्चा असतो. धान पिकायला लागला की आणखी एक धोका. रानडुकरांसाठी काही जण चोरून तारेत वीज सोडतात. बेकायदा आहे, आणि त्यात माणसंही गेली आहेत. म्हणून पिकाच्या कडेने पळणं पूर्ण उजेडात आणि वाटेवरूनच.

सारस पक्षी दिसले तर लांबूनच बघा. गोंदिया जिल्ह्यात ते थोडेच उरले आहेत आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतात. जवळून पळत गेलात तर जोडी अंड्यावरून उठते.

आणि गुडघा. मला वाटतं तुम्ही डांबरी रस्त्याच्या डाव्या कडेने पळता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डाव्या कडेने पळताना डावा पाय रोज खालच्या बाजूला पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू ताणली जाते. उजवीकडून पळा, समोरून येणारा ट्रॅक्टरही दिसेल. आठवड्यातले दोन दिवस तरी सपाट मातीवर काढा आणि सध्या अंतर निम्म्यावर आणा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

रविवारी नवेगावबांधला या. राष्ट्रीय उद्यानाच्या आत पायी जाता येत नाही, पण गावाकडच्या बाजूने तलावाचं दर्शन घेता येतं. महाशिवरात्रीला इथल्या (साताऱ्याच्या नव्हे) प्रतापगडकडचा रस्ता टाळा, यात्रेच्या गर्दीत पळणं शक्यच नाही.

प्रश्न : मॅडम, मी 19 वर्षांची आहे. पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या गावात ग्राउंड नाही. रस्त्यावर 800 मीटर पळते, पण मोजायचं कसं ते कळत नाही. एकटीनं पळते म्हणून घरचे काळजी करतात.

उत्तर : बेटा, मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या 800 मीटरचे आहेत, म्हणून मोजमाप नेमकं हवंच. बाबांकडून किंवा गवंडीकाकांकडून 50 मीटरचा टेप एका दिवसासाठी माग. कालव्याच्या रस्त्यावर किंवा तलावाच्या मोकळ्या पाळीवर सरळ 200 मीटर मोज. जाऊन-येऊन दोन फेऱ्या म्हणजे 800. वळताना वेग मोडतो, त्यामुळे घड्याळात दोन-चार सेकंद जास्त दिसतील. त्याने घाबरून जाऊ नकोस. शेवटचे 200 मीटर दम राहत नसेल तर पहिली फेरी तू जोरात काढते आहेस. पहिल्या 400 मीटरला मनात मोजत पळ, स्वतःला धरून ठेव.

एकटी जाऊ नकोस. तुझ्या गावात आणि शेजारच्या गावात भरतीची तयारी करणाऱ्या मुली नक्की असतील. शाळेच्या गुरुजींना विचार, नावं मिळतील. चार जणी झालात की घरचेही शांत होतील आणि तुला कुणाच्या तरी मागे लागून पळता येईल. एकटीनं घड्याळाशी पळण्यापेक्षा त्याने वेळ लवकर सुधारते, हे मी माझ्या कितीतरी विद्यार्थिनींमध्ये पाहिलं आहे. खुणेला चुना वापरू नकोस, पहिल्या पावसात जातो. दोन्ही टोकांना दगड रोव, पण पाळीवर रोवणार असशील तर कडेला रोव, मधल्या वाटेत बैलाच्या पायात येईल असा नको.