कुपीतले प्रथिन उन्हाने मेलेले नाही, ते मुळात अपुरे आहे

तुमचा प्रश्न मला असा समजला: मानवी म्यू ओपिऑइड ग्राहीचे (मॉर्फिनसारखी औषधे पेशीवर ज्याला चिकटतात त्या प्रथिनाचे) रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या जीवात जनुक घालून बनवलेले, प्रथिन तुम्ही मे महिन्यात मागवले, नागपुरात पोचेपर्यंत खोक्यातल्या जेलच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या, आणि आता नॅलॉक्सोन (हा ग्राही अडवणारे औषध) असो वा तुम्ही वनस्पतीतून वेगळे केलेले अल्कलॉइड, काहीच त्या प्रथिनाला चिकटत नाही, तेव्हा ते उन्हाने खराब झाले असे धरून पुरवठादाराकडे बदली मागावी का? नवतप्यातल्या पार्सलवर संशय जाणे स्वाभाविक आहे. परंतु माहितीपत्रकातली जी ओळ तुम्ही उतरवून दिली आहे, तिच्यातच उत्तर आहे. तिथे प्रथिनाचा भाग '१ ते ६८', यजमान, म्हणजे ज्यात ते बनवले तो जीवाणू, 'ई. कोलाय' आणि टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी जोडलेले दुसरे प्रथिन, 'जीएसटी' असे लिहिले आहे. हे प्रथिन थेट कोरड्या बर्फात आले असते तरी नॅलॉक्सोनला चिकटले नसते.

मानवी म्यू ग्राही ही ४०० अमिनो आम्लांची साखळी असून ती पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. पहिली ६८ अमिनो आम्ले म्हणजे पेशीच्या बाहेर मोकळे लोंबणारे टोक. मॉर्फिन किंवा नॅलॉक्सोन बसते ते तिथे नव्हे, तर पटलात रुतलेल्या सात हेलिक्सच्या मधल्या खोबणीत, जिथे तिसऱ्या हेलिक्सवरचे एक अ‍ॅस्पार्टेट औषधाच्या धनप्रभारित नायट्रोजनला धरून ठेवते. मानवी क्रमांकानुसार ते १४९ वे आहे आणि उंदराच्या ग्राहीत १४७ वे. तुम्ही डॉकिंगसाठी, म्हणजे संगणकावर रेणू ग्राहीत बसवून पाहण्यासाठी, वापरलेली '४डीकेएल' ही २०१२ सालची रचना उंदराच्या ग्राहीची आहे, म्हणून तुमच्या आकृतीत १४७ हा आकडा दिसतो. ती रचना मिळवतानाही कीटकपेशींत ग्राही तयार करावा लागला, त्याच्या तिसऱ्या आतल्या वळणाच्या जागी टी-४ लायसोझाइम जोडावे लागले आणि कायमचा चिकटणारा प्रतिरोधक वापरून त्याला स्थिर करावे लागले, यावरून हे प्रथिन किती नाजूक आहे याचा अंदाज यावा. थोडक्यात, डॉकिंगमध्ये तुम्ही ज्या घरात रेणू बसवला ते घर तुमच्या कुपीत नाही. कुपीत आहे ते दारावरचे तोरण.

यात तुम्हाला कमी लेखण्याचा हेतू नाही, कारण मीही हेच केलेले आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका तुकड्यावर मी तीन आठवडे पीएच बदलत राहिलो, बफर बदलत राहिलो, आणि शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने खोके हातात घेऊन लेबलावरच्या दोन आकड्यांवर नुसते बोट ठेवले.

मग असे तुकडे विकतात तरी कशाला, असे तुम्ही विचाराल. ते प्रामुख्याने प्रतिपिंडांच्या कामासाठी असतात: प्रतिपिंड तयार करण्यासाठी, एलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखणाऱ्या चाचण्यांत अनुक्रमे प्रमाण किंवा नियंत्रण म्हणून. माहितीपत्रकावरची 'शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक' ही नोंद जेलवरच्या पट्ट्यावरून केलेली असते, आणि शुद्धतेचा व कार्यक्षमतेचा संबंध असेलच असे नाही. काही ठिकाणी गव्हाच्या अंकुराच्या अर्कात बनवलेली पूर्ण लांबीची साखळीही मिळते. ४०० आकडा पाहून हुरळून जाऊ नका. पटल किंवा योग्य डिटर्जंट नसेल तर ती साखळी नीट घडी घेतलेली असेलच याची खात्री नसते.

तुमच्या कामाला खरोखर उपयोगी पडेल ते म्हणजे मानवी म्यू ग्राही भरपूर प्रमाणात व्यक्त करणाऱ्या सीएचओ किंवा एचईके (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) पेशींचे पटल. ते मागवताना पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा: संपृक्ती-बंधनाचा आलेख, म्हणजेच केडी (चिकटण्याची ओढ) आणि बीमॅक्सचे (चिकटण्याच्या जागांची संख्या) आकडे, याच बॅचचे आहेत का? ते नसतील तर मागवू नका. ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी) डॅमगो, म्हणजे या ग्राहीला चालना देणारे कृत्रिम पेप्टाइड, वापरून बंधन मोजायचे झाल्यास अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीचा प्रश्न येतो. तुमच्या विभागात ती सोय नसेल, तर हा ग्राही असलेल्या जिवंत पेशींमध्ये फोर्स्कोलिन या रसायनाने वाढवलेले सीएएमपी (पेशीतला संदेशवाहक रेणू) तुमच्या रेणूमुळे किती उतरते ते मोजावे, कारण हा ग्राही जीआय प्रथिनाद्वारे सीएएमपी बनवणाऱ्या अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला रोखतो. बंधनाच्या बफरमध्ये सोडियम क्लोराइड सवयीने घालू नका. सोडियममुळे या ग्राहीची अ‍ॅगोनिस्टविषयीची (चालना देणाऱ्या रेणूविषयीची) ओढ कमी होते, आणि ही बाब १९७० च्या दशकापासून ठाऊक असूनही दरवर्षी कोणी ना कोणी पीबीएसमध्ये, म्हणजे मिठाच्या नेहमीच्या बफरमध्ये, प्रयोग करून बसतो.

पुढे कधी डिटर्जंटमधला पूर्ण ग्राही हाती आलाच, तर तो साध्या बफरने विरळ करू नका. डीडीएम या डिटर्जंटचे प्रमाण ०.००९ टक्क्यांच्या आसपास असलेल्या मर्यादेखाली गेले की प्रथिन गोळा होऊन खाली बसते. जेलसाठी नमुना ९५ अंशांवर उकळणेही टाळा. मी तो उकळला होता. पट्टा अपेक्षित ठिकाणी नव्हताच, सगळे प्रथिन गठ्ठा होऊन जेलमधल्या नमुना भरण्याच्या खाचेच्या तोंडाशी निळ्या रेघेसारखे अडकले होते. ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो.

ग्राही अमली पदार्थांच्या कायद्यात येतो का, ही तुमची शंका लहान आहे. ग्राही हे प्रथिन आहे, अमली पदार्थ नव्हे. मात्र तुलनेसाठी मॉर्फिन किंवा फेंटानिल हवे असेल तर १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायदा लागू होतो. डॅमगो आणि नॅलॉक्सोन यांवर भागत असेल तर ती वाट बरी.

उन्हाबद्दल मात्र पूर्ण निश्चिंत राहू नका. लायोफिलाइज केलेली (गोठवून वाळवलेली) भुकटी दोन-चार दिवसांची ऊब बहुधा सोसते, पण पेशीपटल किंवा द्रवरूप प्रथिन आपल्या ४५ अंशांत टिकणार नाही. असे पार्सल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवावे आणि सोमवारीच निघेल असे लिहून घ्यावे. तान्हा पोळ्याच्या दिवशी नागपुरात सुट्टी असते हे मुंबई-बंगळूरच्या पुरवठादाराला कुठून कळणार, तेही आपणच कळवावे.

राहता राहिली हातातली कुपी. ती 'रिकामी' दिसते असे तुम्ही लिहिले आहे. उघडण्याआधी तिला सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण झाकणाला चिकटलेला तो पातळ पांढरा पापुद्राच तुमचे प्रथिन आहे. पाण्यात विरघळवून, ग्लिसरॉल घालून, लहान भाग करून उणे ८० अंशांत ठेवा. विभागात कोणाकडे या ग्राहीच्या एन-टोकाविरुद्धचा प्रतिपिंड असल्यास त्यांना ते नियंत्रण म्हणून वापरता येईल. फक्त त्यांना एवढे सांगा की जीएसटीसह हा तुकडा ३४ किलोडाल्टनच्या आसपास दिसेल, आणि ई. कोलायमध्ये बनल्यामुळे त्यावर शर्करेच्या साखळ्या नसतील. मेंदूच्या नमुन्यातला ग्राही त्या साखळ्यांमुळे बराच वर, रुंद आणि धुरकट पट्ट्यासारखा दिसतो. बदलीचा अर्ज मात्र करू नका. पुरवठादाराने लेबलावर लिहिले तेच पाठवले आहे.