व्हिक्टरी आधी की कटी सार्क?

विश्रामबागेतल्या सदस्यांचा प्रश्न असा: विमानांची मॉडेल किट बरीच झालीत, आता हेलर कंपनीचं १/१०० प्रमाणातलं 'एचएमएस व्हिक्टरी' या शिडाच्या युद्धनौकेचं किट घरात येऊन पडलंय. ते उघडावं, की आधी रेव्हेल कंपनीचं १/२२० प्रमाणातलं 'कटी सार्क' हे शिडाचं मालवाहू जहाज करून हात बसवावा? आणि दोरा कुठला घ्यावा?

बहुतेक जण सांगतील, लहानापासून सुरुवात करा. माझं मत उलटं आहे. व्हिक्टरीच उघडा.

लहान म्हणजे सोपं, हे शिडाच्या जहाजात चालत नाही. खऱ्या जहाजावर दोराची जाडी घेरात मोजत. ३ इंच घेराचा दोर म्हणजे साधारण २४ मिमी व्यास. १/१०० मध्ये तो ०.२४ मिमी होतो, म्हणजे शिलाईचा साधा दोरा झाला. १/२२० मध्ये तोच ०.११ मिमी हवा. तिथे शिलाईचा दोरा ओढलात तर चहा वाहणाऱ्या त्या देखण्या जहाजावर पायजम्याच्या नाड्या ताणल्यासारखं दिसतं. आणि गाठी मारताना चिमटा कुठे घालायचा हा प्रश्न वेगळाच.

फक्त सूचनापत्रकाच्या क्रमाने जाऊ नका. जहाजाच्या धडाचे दोन भाग चिकटवायची घाई नको, आधी डोलकाठ्या. दोर ताणले की पॉलिस्टायरीनची, म्हणजे किटच्या प्लास्टिकची, काठी वाकते, आणि लगेच नाही, काही महिन्यांनी वाकते. तोवर सगळं बांधून झालेलं असतं. खालच्या काठ्या दोन अर्ध्या भागांत येतात; त्यांच्या पोकळीत पितळेची किंवा स्टीलची सळई बसवून मगच चिकटवा. वरच्या बारीक काठ्या प्लास्टिकच्या ठेवूच नका, पितळेच्या किंवा बांबूच्या करा. दोर अडकवायच्या प्लास्टिकच्या कड्याही ओढ लागली की तुटतात. त्यांच्यासाठी मिरजेला सतारमेकर गल्लीत जा आणि तानपुऱ्याच्या खर्जाची पितळी तार मागा. बारीक ड्रिल बिटाभोवती एक वेढा दिला की कडी तयार. (मॉडेलच्या ऑनलाइन दुकानांतून हेच कितीतरी महाग पडतं.)

दोरा पॉलिस्टरचा. सुती दोऱ्याला तूस असतं आणि हवेतल्या ओलीप्रमाणे त्याचा ताण बदलतो. काठ्यांना धरून ठेवणारे कायमचे दोर डांबर लावलेले असत, म्हणून ते काळपट; शिडं ओढायचे, हलते दोर फिके, तागाच्या रंगाचे. एवढा फरक पाळलात तरी मॉडेल खेळण्यासारखं दिसत नाही. प्रत्येक दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्या. महाबळेश्वरच्या बाजूला मधवाल्यांकडे विचारा, अस्सल मेण मिळून जाईल.

शिडीसारखी जाळी विणायला किटमध्ये एक चौकट येते. ती बाजूला ठेवा. खलाशांच्या पायऱ्या जहाजावरच क्लोव्ह हिच या दोन वेढ्यांच्या गाठीने बांधा. खऱ्या पायऱ्यांत साधारण १३ इंच अंतर असे, म्हणजे इथे ३.३ मिमी. तेवढ्या अंतराच्या रेघा मारलेला कागद मागे लावला की हात आपोआप सरळ चालतो. कंटाळवाणं काम आहे, रोज थोडं करा. शिडं मात्र लावूच नका. साच्यातली प्लास्टिकची शिडं जाड दिसतात आणि एवढी मेहनत झाकून टाकतात.

रंगाचं थोडक्यात. जुन्या पत्रकांत जहाजाच्या बाजूंवरच्या पट्ट्यांना गडद पिवळा सांगितलेला असतो. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला असलेल्या मूळ जहाजावर रंगाचे जुने थर तपासल्यावर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईच्या वेळचा रंग बराच फिका, गुलाबीकडे झुकणारा निघाला आणि २०१५ मध्ये जहाज त्याच रंगात रंगवलं गेलं. फवारणी मात्र पावसाळ्याआधी उरका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर (चटकन वाळणारा रंग) पांढुरकं पडतं. ते दिवस दोऱ्यांना द्या, पॉलिस्टरला ओलीचं सोयरसुतक नाही.

काचपेटी सांगताना पुढची तिरकी काठी मोजायला विसरू नका. तिच्यासकट हे मॉडेल मीटरभर लांब होतं.