सल्ले दर काही वर्षांनी बदलतात, मग खायचं काय?

"हे तज्ज्ञ आधी आपसांत ठरवून का घेत नाहीत?" माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या सहासष्ट वर्षांच्या काकांनी बसल्या बसल्याच विचारलं. कोलेस्टेरॉल वाढल्यावर त्यांनी अंडी सोडली होती. मग चरबीच्या धास्तीने दूध चहापुरतं उरलं. आता मुलाने प्रोटीन पावडरचा डबा आणला होता आणि मित्र म्हणत होते, त्याने किडनी जाते.

काकांचा वैताग खोटा नव्हता. अमेरिकेच्या १९९२च्या आहार-पिरॅमिडचा पाया धान्यांचा होता. २०११मध्ये पिरॅमिड गेला, ताटाचं चित्र आलं. दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादाही तिथल्या २०१५-२०च्या सूचनांतून वगळली गेली, कारण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने (तूप, लोणी, साय यांत ती भरपूर असते) जास्त वाढतं.

प्रथिनांचा मूळ आकडा मात्र फारसा हललेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालात तो निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. पण ही कमतरता टाळण्यापुरती पातळी. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात, म्हणून साठी-पासष्टीनंतर १ ते १.२ ग्रॅम घ्यावं, असं वृद्धांच्या आहाराचे बरेच अभ्यासक सांगतात.

काकांचं वजन ५८ किलो, म्हणजे साधारण ६० ते ७० ग्रॅम. त्यांच्या मते ते पुरेसं खात होते. "रोज शंभर ग्रॅम डाळ होते की!" पण ती शिजलेली. कच्च्या शंभर ग्रॅम डाळीत २२-२४ ग्रॅम प्रथिनं असतात. शिजून पाणी प्यायल्यावर तेवढ्याच वजनात जेमतेम ८-९, आणि पातळ असेल तर आणखी कमी. ही गफलत मला सतत दिसते, शिकल्यासवरलेल्या घरांतसुद्धा. सगळं मांडलं तेव्हा बेरीज पस्तिशीच्या आतच राहिली. सकाळ तर नुसती चहा-बिस्किटांवर. खुर्चीतून उठताना ते हातांचा आधार घेत होते, हे मी आधीच पाहिलं होतं.

किडनी नीट काम करते का हे पाहायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी यांची तपासणी करून आणायला सांगितलं. दोन्ही ठीक निघाली. निरोगी किडनी एवढ्या प्रथिनांनी बिघडत नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध सुरू केलं, दुपारी कडधान्याची उसळ आणि दही. बिस्किटं सुटायला वेळ लागला. जोडीला खुर्चीतून उठबस, कारण स्नायूंना काम दिलं नाही तर नुसत्या प्रथिनांनी ताकद येत नाही. पावडरीची गरज पडली नाही. ती वाईट म्हणून नव्हे, ताटातूनच भागत होतं म्हणून.

काही महिन्यांनी काका हात न टेकता उठू लागले. त्या भेटीत त्यांनी विचारलं, "हाच तक्ता हिला चालेल ना?" काकूंना जुना मधुमेह, लघवीतून प्रथिनं जात होती, म्हणजे किडनीला इजा झाल्याची खूण. मी नाही म्हटलं. त्यांचा आकडा किडनीच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचा होता, आणि तो काकांपेक्षा कमी असण्याची शक्यता होती.