वाट्या फिरतात, वारा शून्य

प्रश्न : मोरजीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. गच्चीवरच्या हवामान यंत्रात तापमान, आर्द्रता, पाऊस सगळं दिसतं. वाऱ्याचा वेग मात्र चतुर्थीपासून शून्य, दिशाही हलत नाही. वारा मोजायच्या वाट्या तर गरगर फिरतात! नवा सेन्सर मागवू का?

उत्तर : इतक्यात नको. बाकी आकडे येताहेत म्हणजे बॅटरी आणि आकडे पाठवणारा रेडिओ ठणठणीत आहेत. वाट्यांसोबत एक चुंबक फिरतं, त्याने आतल्या रीड स्विचची (चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा छोटा स्विच) उघडझाप होते आणि यंत्र ती मोजून वेग काढतं. दिशादर्शकाची सोय वेगळी, पण वायर बहुधा दोघांची एकच. म्हणून माझा संशय वायरीवर. टेलिफोनसारखा तो छोटा प्लग काढून पिना बघा. हिरवट थर दिसला तर खाऱ्या हवेची करणी. (किनाऱ्यावर दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे या पिना काय टिकणार!) बॅटरी काढा, जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासा, पूर्ण सुकू द्या.

तरीही शून्यच? मल्टिमीटर (वीज तपासायचं छोटं यंत्र) कंटिन्युइटीवर, म्हणजे तारा जुळल्या की बीप देणाऱ्या सेटिंगवर ठेवून वेगाच्या दोन तारांना लावा, वाट्या हाताने सावकाश फिरवा. बीप तुटक यायला हवी. अजिबात आली नाही किंवा सलग वाजत राहिली, तर मात्र सेन्सर किंवा त्याची वायर बदला. प्लग परत लावताना वायरीला खाली झोल द्या, पावसाचं पाणी तिथूनच ठिबकेल.