वाचकांचे प्रश्न : शब्दांच्या रॅपला पुन्हा दिवस येतील का?

प्रश्न : नव्वदच्या दशकातला अमेरिकन रॅप ऐकत मोठा झालो. आताच्या गाण्यांत शब्द कमी आणि गुणगुणणं जास्त वाटतं. ऑक्टोबर 2025 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या चाळिसांत एकही रॅप गाणं नव्हतं असंही वाचलं. लिरिकल म्हणजे शब्दप्रधान रॅप पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येईल, की तो विषय संपला? (एक वाचक, पुणे)

संपलेला नाही. पण तुम्ही ज्या रूपात तो ऐकलात, त्या रूपात तो परत येईल असं आम्हाला वाटत नाही.

तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे. 1990 नंतर असं पहिल्यांदाच घडलं. मात्र त्यामागे एक तांत्रिक कारणही होतं. उतरणीला लागलेली जुनी गाणी यादीतून लवकर काढायचा नियम बिलबोर्डने त्याच सुमारास कडक केला आणि रॅपर केंड्रिक लमार व गायिका सिझाचं ‘लूथर’ त्यामुळे बाहेर पडलं. हेच गाणं त्या वर्षी 13 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

पूर्वी शब्दप्रधान रॅप हातोहात खपायचा, ही आठवणही जरा तपासून घ्यावी. रॅपर नासचा ‘इलमॅटिक’ हा अल्बम एप्रिल 1994 मध्ये आला. ‘द सोर्स’ मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण दिले. तरी अमेरिकेत दहा लाखांचा प्लॅटिनम टप्पा गाठायला 2001 उजाडलं. उलट एमिनेमच्या 2000 सालच्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात 17 लाखांवर प्रती गेल्या. त्याच्या यमकांची वीण कमालीची घट्ट आहे यात शंका नाही, पण सोबत डॉ. ड्रेचे बीट (रॅपमागचं तालाचं संगीत) होते, रेडिओवर चालणारे हुक (पुन्हा पुन्हा येणाऱ्या, तोंडात बसणाऱ्या ओळी) होते आणि त्याच्याभोवती सतत पेटता वादही होता. नुसत्या शब्दांच्या बळावर गाणं वर चढल्याची उदाहरणं तेव्हाही थोडीच होती.

2024 चं केंड्रिकचं ‘नॉट लाइक अस’, रॅपर ड्रेकवर शाब्दिक हल्ला करणारं गाणं, याच वाटेने गेलं. त्याच्या ओळींत दुहेरी अर्थ ठासून भरलेले आहेत आणि लोक ते उलगडत बसले. पण बीट मस्टर्ड या संगीतकाराचा, पश्चिम किनाऱ्याच्या पार्टीत वाजेल असा. हुक इतका सोपा की अख्खं स्टेडियम ओरडू शकतं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाले आणि त्याच महिन्यात सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात केंड्रिकचा कार्यक्रम 13 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. मात्र ड्रेकशी झालेलं भांडण वजा केलं तर एवढी उसळी आली नसती. असं भांडण दर वर्षी होत नाही, आणि ठरवून घडवलं तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आम्हाला जास्त आशा वाटते ती रॅपर डोईची आणि क्लिप्स या जोडीकडे पाहून. डोईचीने ग्रॅमीचा सर्वोत्तम रॅप अल्बम जिंकला त्याआधी, डिसेंबर 2024 मध्ये, तिचा ‘टायनी डेस्क’ या इंटरनेटवरच्या छोटेखानी मैफलींच्या मालिकेतला कार्यक्रम गाजला होता. तिथे वाद्यवृंद जिवंत आणि आवाज समोर, त्यामुळे शब्द लपायला जागाच नाही. क्लिप्स या भावांच्या जोडीने 16 वर्षांनी, जुलै 2025 मध्ये अल्बम काढला आणि तो बिलबोर्डच्या अल्बम यादीत थेट चौथ्या क्रमांकावर उतरला. शांतपणे अल्बम ऐकणारा श्रोता आहे, हे त्यावरून दिसतं. तेव्हा आमचा अंदाज असा: वर्षाकाठी दोन-तीन शब्दप्रधान गाणी सर्वांपर्यंत पोहोचतील, बाकीच्यांचा श्रोता लहान पण पक्का राहील.

प्रश्न : गाणी इतकी आखूड का झाली? तिसरा व्हर्स (कडवं) कुठे गेला? (एक वाचक, कोल्हापूर)

स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो. पुढे गाणं दोन मिनिटांचं असो की पाच, मोजणी तेवढीच. मग हुक आधी येतो आणि तिसऱ्या व्हर्सला कात्री लागते. 2019 मध्ये 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या ‘ओल्ड टाउन रोड’चं मूळ रूप दोन मिनिटांहूनही कमी आहे. गोष्ट सांगणाऱ्या रॅपरचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण गोष्ट बहुधा तिसऱ्या व्हर्समध्येच पलटी खाते.

प्रश्न : मी मराठीत लिरिकल लिहितो. कागदावर छान वाटतं, पण रेकॉर्ड केल्यावर मित्र म्हणतात कंटाळवाणं आहे आणि अर्धं कळत नाही. काय चुकतंय? (एक वाचक, नवी मुंबई)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी.

कंटाळा बहुतेक वेळा क्रियापदाच्या यमकाने येतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे जातो-गातो-खातो फुकटात मिळतं आणि ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. हे पाहा:

सकाळी लवकर कामाला जातो,
रात्री आल्यावर गाणी मी गातो.

आता तोच माणूस, पण यमक नामांवर आणि त्यातलं एक ओळीच्या पोटात:

फलाटावर गर्दी, अंगावर वर्दी,
शिफ्ट संपली की हाच मी मैफलीतला दर्दी.

क्रियापद मध्ये सरकलं, ओळीचा शेवट मोकळा झाला आणि माणूस डोळ्यांसमोर आला. मराठीत यमकाचा हा हव्यास नवा नाही. मोरोपंतांच्या आर्या त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. सोळा ओळींत क्रियापदावरचं यमक चारपेक्षा जास्त वेळा आलं असेल तर पुन्हा लिहायला बसा.

न कळण्याचं कारण गणितात असतं. 90 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 90 ठोके असताना, चार ठोक्यांचा एक बार सुमारे 2.7 सेकंदांचा, म्हणजे सोळा बार साधारण 43 सेकंदांत संपतात. 140 बीपीएमवर तोच बार 1.7 सेकंदांचा. सेकंदाला चार सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) हा आरामात कळणारा वेग धरला तर 90 वर एका बारमध्ये 11 बसतात आणि 140 वर जेमतेम 7. वरच्या गर्दी-दर्दीच्या दोन्ही ओळी बोलताना 11-11 च भरतात. लिहिलेली अक्षरं मोजू नका, उच्चार मोजा, कारण ‘फलाटावर’मधला ‘वर’ एकाच झटक्यात येतो. ट्रॅपसारख्या 140 च्या आसपासच्या बीटवर अशा 11 च्या ओळी ठोकल्या की जीभ अडखळते, शेवटचा स्वर गिळला जातो आणि नेमका यमकाचाच शब्द हरवतो. वेग दाखवायचाच असेल तर सोळापैकी दोन-तीन बारांपुरता दाखवा. दर दोन बारांनंतर श्वासाची जागा लिहितानाच खुणेने नोंदवा.

आणि हुक वेगळा लिहा. व्हर्समधलीच एक ओळ चार वेळा म्हटली की हुक होत नाही. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ मराठी न समजणाऱ्यांनीही उचललं ते हाउस या नाचाच्या संगीताचा बीट आणि त्या दोन शब्दांच्या नादामुळे.

प्रश्न : घरी रेकॉर्ड करतो. आवाज बीटखाली दबतो. आवाज वाढवला की कर्कश वाटतो. (एक वाचक, नाशिक)

आवाज वाढवण्याऐवजी बीटमध्ये जागा करा. शब्दांची स्पष्टता साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असते आणि स्नेअर ड्रम, सिंथेसायझरही तिथेच गर्दी करतात. बीटच्या ट्रॅकवर त्या पट्ट्यात 2-3 डेसिबल कमी करा. आवाजावर 80-100 हर्ट्झखाली हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, म्हणजे 808 ड्रमच्या खोल बेसशी टक्कर होणार नाही. श, स, च टोचत असतील तर 5 ते 8 किलोहर्ट्झवर डी-एसर (टोचणारे आवाज दाबणारं साधन), तोही हलका. जास्त लावला तर बोबडं ऐकू येतं. डबल ट्रॅक (तेच पुन्हा म्हणून वर चढवलेला आवाज) पूर्ण व्हर्सवर घालू नका, फक्त यमकाच्या शब्दांवर घाला. शेवटी फोनच्या स्पीकरवर, ओळी आधी न वाचलेल्या माणसाला ऐकवा आणि काय कळलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : एवढा लहान श्रोता असेल तर पैसे कुठून येणार? (एक वाचक, मडगाव)

थेट विक्रीतून आणि कार्यक्रमांतून. लॉस एंजेलिसच्या रॅपर निप्सी हसलने 2013 मध्ये ‘क्रेनशॉ’ हा मिक्सटेप (अल्बमसारखा गाण्यांचा संग्रह) इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच्या मोजक्या 1,000 प्रती प्रत्येकी 100 डॉलरला विकायला काढल्या. त्यातल्या 100 एकट्या रॅपर जे-झीने घेतल्या. हे जमलं कारण त्याआधी कित्येक वर्षं तो नियमित मिक्सटेप काढत होता आणि त्याच्या वस्तीतले लोक त्याला ओळखत होते. पहिल्याच गाण्यानंतर महाग प्रत काढली तर ती पडून राहील. आधी दर दोन महिन्यांनी एक गाणं, सोबत लिहिलेले शब्द आणि छोट्या जागेतले कार्यक्रम. नेहमी येणारे पन्नासेक चेहरे ओळखीचे झाले की मग विकायला काढा.